पयलं त्याच्या गाडीला

माझ्या धाकट्या चुलतीला गाडीनं उडवलं ते दिवाळीनंतरच्या दुसऱ्या शनिवारी, सकाळी सव्वाआठ वाजता, पालीकडं जाणाऱ्या रस्त्यावर, आमच्या वाडीच्या वळणाला. डोक्यावर पेंढ्याचा भारा होता. उजवी मांडी मोडली. वेळ मी मुद्दाम सांगते आहे, कारण नंतर पोलिसांचा जो कागद तयार झाला त्यात 'सकाळच्या सुमारास' एवढंच लिहिलं होतं. त्याच्यापुढं लिहिलं होतं की, पायी चालणारी महिला अचानक रस्त्यात आली.

अचानक! आमची घरं रस्त्याच्या डोंगराकडच्या बाजूला आणि भातखाचरं ओढ्याकडच्या. रस्ता ओलांडल्याशिवाय आमच्या वाडीत दिवस उजाडत नाही की मावळत नाही.

भारा घेऊन रस्ता कसा ओलांडतात हे ज्यानं भारा उचललेला नाही त्याला माहीत असायचं कारण नाही, म्हणून सांगते. पेंढा दोन्ही बाजूंनी खांद्यापर्यंत लोंबतो. समोरची चार पावलं दिसतात, आजूबाजूचं काही नाही. मान वळवली तर भारा फिरतो आणि बाई भाऱ्यासकट पडते. म्हणून आमच्या बायका कडेला थांबतात आणि ऐकतात. चढाला एसटी घरघरली की पाच जणी निवांत पार होतात. दुधाचा टेम्पो असेल तर तिघी. फटफटी असेल तर एकच, बाकीच्यांनी थांबायचं. हे मला कुणी शिकवलं नाही. बाराव्या वर्षी डोक्यावर पहिला भारा आला आणि आठवड्याभरात कानाला सगळं कळायला लागलं.

त्या दिवशी चुलती पुढं होती, मी चौथी. तिनं ऐकलं. मीही ऐकलं. आवाज पार खाली, ओढ्यावरच्या मोरीपाशी होता. "लांब हाय, चला," ती म्हणाली आणि निघाली. एसटी असती तर तिला दोनदा जाऊन येता आलं असतं. ही गाडी ती अर्ध्या रस्त्यात असतानाच वळणावर आली.

गाडी होती वरच्या अंगाला धरणाच्या पाण्याकाठी घर बांधलेल्या एका साहेबांची. दर शनिवारी येतात, रविवारी जातात. माणूस पळून गेला नाही, हेही लिहायला पाहिजे. त्यांनीच चुलतीला उचलून गाडीत घातलं, भोरला दवाखान्यात नेलं, दुसऱ्या दिवशी फळं पाठवली. पण जबाब घ्यायला आलेले हवालदार फोनवर गाडीचा नंबर टाकून बघत होते आणि सहज बोलून गेले, "हिच्यावर आधीचीच सात चलानं हायत की. समदी वेगाची." मग फोन खिशात घातला आणि चुलतीला विचारलं, "मावशी, तुमी बघितलं न्हाई व्हय?"

सात वेळा यंत्रणेनं त्या गाडीला पकडलं होतं. सात वेळा मालकाच्या मोबाईलवर मेसेज गेला, आणि सात वेळा तो माणूस त्याच गाडीत, त्याच पायानं तोच पेडल दाबत पुढं गेला. आठव्या वेळी माझी चुलती होती.

महिन्याभरात ती गाडी परत आमच्या वळणावरून जायला लागली. वेग तोच.

मी भोरच्या कॉलेजात असल्यापासून पत्रकं लिहिते. पाण्यासाठी, एसटीच्या फेरीसाठी, शाळेच्या संडासासाठी. मला वाटायचं की मोठ्या अक्षरात मागणी आणि पुढं उद्गारचिन्ह टाकलं की काम झालं. मी पत्रक काढलं, 'रस्ता आपला, माणसं आपली, ब्रेकरही आपणच घालू!' वाडीला पटलं. एका सकाळी वीस माणसं जमली. मुरूम आला, ओढ्यातले गोटे आले, समाजमंदिराचं उरलेलं सिमेंट आलं. दुपारपर्यंत वळणाच्या अलीकडं हा एवढा उंचवटा तयार झाला. त्याला ना पांढरे पट्टे, ना पाटी. फोटो काढले. मी सगळ्यात पुढं उभी.

तिसऱ्या दिवशी पहाटेच्या धुक्यात आमचे दूधवाले बाबा त्यावरून पडले. साठी उलटलेला माणूस, सायकलच्या दोन्ही बाजूंना कॅन लावून तीस वर्षं त्याच रस्त्यानं गेलेला. बैलगाडीनं मागं टाकावं असा त्यांचा वेग. गळ्याजवळचं हाड मोडलं, पुढचे दोन दात गेले. दूध ओढ्यापर्यंत वाहत गेलं.

आणि साहेबांची गाडी? शनिवारी मी वळणावरच उभी होते. ब्रेकरपाशी ती नवरीसारखी हळू झाली, पलीकडं उतरली आणि मग अशी सुटली की रस्त्यावरची पानं माझ्या तोंडावर आली. पुढच्या आठवड्यात बांधकाम खात्याची माणसं येऊन ब्रेकर फोडून गेली. बरं केलं त्यांनी.

मी दूधवाल्या बाबांच्या घरी गेले. बाबा पडून होते. त्यांच्या बायकोनं चहा दिला, समोर बसली.

"पत्रक तूच लिवलंवतं न्हवं?"

"व्हय, आजी."

"लई चांगलं लिवतीस," ती म्हणाली आणि कप उचलून आत गेली.

एका माणसाचा वेग आवरायला मी आख्ख्या रस्त्याला शिक्षा केली होती, आणि ती भोगली सगळ्यात हळू जाणाऱ्यानं.

उपाय मला सुचला नाही, शाळेच्या बसच्या ड्रायव्हरमामांनी दाखवला. ते आंबवड्याचे. मुलं सोडून रिकामी बस घेऊन जाताना कधीमधी मला भोरपर्यंत नेतात. मी सगळ्या वाटेनं तणतणत होते. मामांनी डावा हात वर करून मला गप्प केलं.

"ताई, हे बघा. आता ह्यो मोकळा रस्ता हाय. म्या पाय पार खाली दाबलाय. काटा जातोय का म्होरं?"

काटा एका आकड्यावर येऊन थांबला होता.

"यंत्र हाय आत. वर सील. सील तुटलं तर पासिंग न्हाई. आन् माझ्या नावावर आजपातुर एक बी चलान न्हाई बरं का."

"मग तुमच्याच गाडीला का बसवलं?"

"आत पोरं असत्यात की." थोडं पुढं गेल्यावर ते म्हणाले, "त्या सायबाच्या गाडीत कोण न्हाई म्हना. पर गाडीच्या म्होरं तुमची चुलती असती."

म्हणजे यंत्र आहे. ते बसवता येतं, त्याला सील मारता येतं, ते तपासता येतं. एकही गुन्हा नसलेल्या माणसाच्या गाडीला ते आहे आणि सात वेळा सापडलेल्याच्या गाडीला नाही. हे मला आधी का दिसलं नाही याची लाज वाटली.

मी साहेबांच्या फाटकात गेले. म्हटलं, तुम्ही स्वतःहून बसवून घ्या.

ते हसले. "बाळ, मग एवढी गाडी घेतली कशाला? आणि एखादी इमर्जन्सी आली तर? तुझ्या काकूंना त्या दिवशी याच गाडीनं, याच वेगानं दवाखान्यात पोचवलं ना मी?"

मी घरी आले. चुलती पाय लांब करून लसूण सोलत होती. तिला सांगितलं.

"त्येला म्हणावं," ती मान वर न करता म्हणाली, "हळू आला असतास तर मी माझ्या पायानं घरी गेले असते."

मग ठराव लिहिला. या वेळी उद्गारचिन्ह नाही. वेगासाठी ज्या खासगी गाडीवर दुसऱ्यांदा चलान होईल, तिला वेग रोखणारं सीलबंद यंत्र बसवणं सक्तीचं करावं, अशी ही ग्रामसभा शासनाकडं मागणी करते. बस्स. ग्रामसेवक म्हणाले, "ग्रामसभेचा गाडीवर अधिकार नाही." म्हटलं, मागणी करण्यावर आहे ना?

ग्रामसभेत आधी सगळे माना डोलवत होते. मग मागून एक जण म्हणाला, "सायबाचं बोलताय, पर घरचं बघा की. हिच्या पोराच्या गाडीवर बी तीन चलानं हायत."

खरं होतं. चुलतीचा मुलगा, माझा चुलतभाऊ, रोज पुण्याला रात्रपाळीला जातो, सकाळी परत येतो. गाडी कर्ज काढून घेतलेली, जिवापाड जपलेली. हायवेला लागला की त्याच्या अंगात येतं. तो तिथंच बसला होता. तो ताडकन उठला. "मी काय कुणाला उडवलंय का? आन् मी घरचाच आहे की!"

भावाचं नाव घेतलं तर घर फुटतं आणि नाही घेतलं तर ठराव खोटा. तेवढ्यात चुलतीनं काठी जमिनीवर आपटली आणि खुर्चीवरूनच हात वर केला.

"गाडीला कळतं व्हय घर कुठलं ते? लिवा. आन् पयलं त्याच्या गाडीला बसवा."

बायकांच्या बाजूनं हसू फुटलं आणि त्याच हसण्यात हात वर गेले. दूधवाल्या बाबांच्या बायकोचाही गेला. तिनं माझ्याकडं बघितलं नाही, पण हात खाली घेतला नाही.

भाऊ आठ दिवस आईशी बोलला नाही. नवव्या दिवशी भोरच्या गॅरेजात गेला. गॅरेजवाला म्हणाला, खासगी गाडीला कुणी बसवून घेत नाही. भाऊ म्हणाला, मी घेतोय. घरी येऊन एवढंच बोलला, "बसवलं."

चुलती आता काठी घेऊन चालते. भारा पुन्हा डोक्यावर येणार नाही. पण खाचरात जायचं ती सोडत नाही. रोज सकाळी वळणाला कडेला थांबते आणि ऐकते. साहेबांच्या गाडीचा आवाज आला की दगडावर खाली बसते. गाडी कितीही लांब असली तरी बसूनच राहते, कारण त्या गाडीचा अंदाज कानाला लागत नाही. पण पोराची गाडी मोरीपाशी ऐकू आली की मान ताठ करते, म्हणते, "लांब हाय, चला," आणि मोडक्या मांडीनं, आपल्या चालीनं पार होते. त्या रस्त्यावर यंत्र बसवलेली खासगी गाडी अजून तरी ही एकच.

आमचा ठराव वरच्या कचेरीत पडून आहे. एका वाडीचा कागद पडूनच राहतो, हे मला कळतं. म्हणून तुम्हाला सांगते. आत्ता मोबाईल काढा आणि स्वतःच्या गाडीवरची वेगाची चलानं बघा. दोन असतील तर या आठवड्यात यंत्र बसवून घ्या. नसतील तर तुमच्या पुढच्या ग्रामसभेत, तुमच्या सोसायटीच्या बैठकीत हाच ठराव मांडा, आणि घरातल्या कुणाचं नाव निघालं तरी हात खाली घेऊ नका.