उजवीकडचा दिवा

सकाळी मी भाजी निवडत बसले होते, तेव्हा वैनीचा फोन आला. "वन्सं, हे गेले ओ..." एवढंच ती म्हणाली, आणि मग पलीकडून नुसता पंख्याचा आवाज येत राहिला. चहा पिऊन अण्णा पुन्हा आडवा झाला होता, तो उठलाच नाही. मल्लिनाथअण्णा माझा थोरला भाऊ. त्याला जाऊन आता दीड महिना होत आला. आजारपणाची कल्पना सगळ्यांना होती, त्यामुळे भेटायला येणारे "सुटला बिचारा" असं म्हणून जायचे. मला ते ऐकवत नसे. शेवटच्या वर्षात त्याला छळलं ते आजारानं कमी आणि एका दिव्यानं जास्त, हे त्यांना कुठं ठाऊक होतं?

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत अण्णाचा टॉवेलचा कारखाना आणि शेजारीच घर. धंदा जोरात असताना तो एकदा पुण्याला गेला आणि जुनी, लाल, दोन दारांची स्पोर्ट्‌स कार घेऊन आला. इतकी बुटकी, की वैनीला नऊवारी सांभाळत आत शिरताना आधी बसावं लागे आणि मग पाय आत घ्यावे लागत. भवानी पेठेतल्या आमच्या जुन्या घराच्या बोळात ती पहिल्यांदा शिरली तेव्हा लोक हातातली कामं टाकून ओट्यावर आले होते. यंत्रमागांच्या मोटारी दुरुस्त करण्यात अण्णाचा जन्म गेलेला, त्यामुळे गाडीला त्यानं दुसऱ्या कुणाचा हात लागू दिला नाही. तिच्याखाली पडून तो तिच्याशी कानडीत बोलायचा. आमच्या घरात रागाची भाषा मराठी आणि मायेची कानडी...

मग तो विसरू लागला. आधी किल्ल्या, मग माणसांची नावं. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं आणि गाडी चालवणं हळूहळू बंद करा म्हणाले. ते बंद व्हायच्या आतच ती गोष्ट घडली. कारखान्याकडे उजवीकडे वळताना मागून आलेला एक मोटरसायकलवाला गाडीवर आदळला. सिद्राम त्याचं नाव, शेजारच्या युनिटमध्ये कामाला होता. त्याचा पाय मोडला. "अण्णांनी विंडिकेटर दावलाच न्हाय," तो रस्त्यावर पडल्या पडल्या सांगत होता. अण्णा म्हणत होता, दाखवला.

अण्णाच्या मुलानं, बसवराजनं, त्याच संध्याकाळी इंडिकेटर लावून पाहिला. मागे जाऊन बघितलं, दिवा व्यवस्थित लुकलुकत होता. गाडीत दोष नाही म्हटल्यावर दोष कुणात, हे कुणी बोललं नाही, पण घरात सगळ्यांनी मनातून ते धरलं. बसवराजनं किल्ली कपाटात ठेवली. बाहेर मात्र घरातलेच लोक सांगत होते, की तो पोरगाच जोरात आला असणार.

अण्णाची खरी तडफड इथून सुरू झाली. मी गेले की तो हात धरून विचारायचा, "तंगी, हिरवा बाण मी डोळ्यांनी बघितला की. टिकटिक ऐकली. का ते आदल्या दिवशीचं होतं?" धाकट्या बहिणीला कानडीत तंगी म्हणतात, तो मला आयुष्यभर तेच म्हणत आला. आपल्या डोळ्यांवर विश्वास ठेवावा की नाही, असं विचारणाऱ्या माणसाला काय सांगायचं?

किल्ली त्यानं भांडून परत मिळवली, गाडी कारखान्याच्या शेडबाहेर काढणार नाही या अटीवर. मग रोज तो तिथंच. बल्ब बदलले, रिले बदलला, स्टिअरिंगखालचा स्विच सोडवून साफ केला. एकदा सोडवलेलं पुन्हा सोडवायचा, कारण आधी काय केलं ते आठवायचं नाही. दिवा मात्र दर वेळी लागायचा. लागलेला दिवा बघून इतका खचलेला माणूस मी दुसरा पाहिला नाही.

एका रविवारी मी गाडीच्या मागे स्टुलावर बसले होते. तो आत बसून बटणं दाबायचा, मी "लागला", "विझला" ओरडायची. कंटाळून त्यानं पाय ब्रेकवर ठेवला असावा, आणि उजवीकडचा दिवा एकदम मंद झाला. लुकलुकणं जवळजवळ दिसेना.

"अण्णा, गेला!"

"इल्ल, गेला न्हाई, हितं बाण लागतोय की! टिकटिक चालूय."

"आत चालू असेल. मागं काही दिसत नाही."

त्यानं पाय काढला, दिवा उजळला. पुन्हा ठेवला, मावळला. तो उतरून मागे आला आणि मला आत बसवून ब्रेक दाबायला लावला. मग तिथंच उकिडवा बसून त्यानं दिवा सोडवला. दिव्यामागे अर्थिंगची वायर जिथं पत्र्याला आवळलेली होती, तिथं गंज चढला होता. इंडिकेटर एकटा असला की त्या गंजातूनही कसाबसा चालायचा. ब्रेकचा दिवा सोबत लागला की दोन्हींना पुरेसा करंट मिळायचा नाही. आणि वळताना ब्रेक तर दाबतोच माणूस. बसवराजनं एकट्यानं तपासलं, तेव्हा ब्रेकवर पाय ठेवायला आत कुणी नव्हतं.

मला वाटलं, आता तो हसेल. काचपेपरनं गंज घासता घासता तो म्हणाला, "म्हणजे पोरगं खरं बोलत हुतं."

आम्ही तसेच सिद्रामच्या खोलीवर गेलो. कारखान्यामागच्या वस्तीत, चालत जाण्याइतकी जवळ. पाय प्लॅस्टरमध्ये, भिंतीला टेकून बसला होता. अण्णा त्याच्यापुढे जमिनीवरच बसला. "तू खरं बोललास. दिवा लागला नव्हता. गाडी माझी, चूक माझी." सिद्रामनं बायकोला चहा ठेवायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी अण्णानं आपण होऊन किल्ली बसवराजच्या हातात दिली. मला वाटलं, प्रकरण मिटलं.

अण्णाच्या चौदाव्यानंतर सिद्राम घरी आला. थोडा लंगडत होता. पाणी प्यायला आणि खाली बघत म्हणाला, "अण्णा लई येळा यायचे ओ आमच्याकडं."

वैनीनं वर पाहिलं. अण्णा संध्याकाळी मठात जाऊन येतो म्हणून निघायचा, तेवढंच आम्हाला माहीत होतं.

"येऊन दर बारीला तेच सांगायचे. तू खरं बोललास, चूक माझी. आदी मी म्हनायचो, अण्णा, तुमी सांगितलंय की. मग त्यांचं तोंड असं पडायचं, काय सांगू... आपन हे बी इसरलो म्हनून. मग मी सांगायचं सोडलं. पयल्यांदाच ऐकतोय असं ऐकायचो. बरं झालं अण्णा, आलासा, म्हनायचो. च्या प्यायचे, बरं वाटायचं त्यांना. हलकं होऊन जायचे."

वैनी पदर तोंडाला लावून आत गेली. मी त्याला रस्त्यापर्यंत सोडायला गेले.

"खाली बसायचे, गुडगं दुखायचं," तो म्हणाला. "म्हनून एक खुर्ची आनून दाराभायेर ठेवली हुती त्यांच्यासाटी. सांज झाली की बायकू अजून फडकं मारती तिच्यावर. खुर्ची आत घे म्हनून मी बी तिला काय सांगितलं न्हाय."