स्कॅनरच्या पोटाखालचं कुलूप

पुस्तकवाले कोणत्याही यंत्राला हात लावण्याआधी त्याची माहितीपुस्तिका पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचत, अगदी मिक्सरचीसुद्धा. म्हणून हे नाव. वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात ते मशीन दुरुस्तीला होते. डोंबिवलीच्या आमच्या बिल्डिंगमध्ये काहीही बंद पडलं की लोक त्यांचंच दार वाजवत. समोरचं दार माझं. ते कुणी वाजवत नसे.

नव्वदीच्या दशकाच्या शेवटी शेवटी मी घरच्या कॉम्प्युटरवर लग्नपत्रिका करू लागलो. पत्रिकेत फोटो हवा, म्हणून स्कॅनर आणला. दुकानदाराला भावावरून असा पिळला, की तो वैतागून म्हणाला, "शोकेसमधला न्या. खोका नाही, पुस्तिका नाही." मी छाती काढून घरी आलो, वायरी जोडल्या. स्कॅनर नुसता घरघरला. आतला दिवा जागचा हलेना. आणि फोटोचं माझं पहिलंच गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी येणार होतं.

"समोर सांगू का?" बायकोने विचारलं.

"काही गरज नाही!" मी ओरडलो. तोवर तिने त्यांची बेल वाजवली होती.

ते हात धुऊन आले. "पुस्तिका?"

"मिळाली नाही."

"मिळाली नाही, की सोडलीत?"

हसले असते तर भांडता तरी आलं असतं. त्यांनी स्कॅनर उलटा केला आणि तळाचा स्क्रू नाण्याने फिरवला. "वाहतुकीत दिवा हलू नये म्हणून कुलूप असतं, शेठ. आधी हे उघडायचं, मग जोडायचं."

पुन्हा चालू केल्यावर दिवा सरसर सरकला. माझ्या मुलीने टाळ्या वाजवल्या. माझ्यासाठी तिने कधी वाजवल्या नव्हत्या.

"किती द्यायचे?" मी विचारलं.

"चहा टाका."

आयुष्यभर भाव पाडत आलो मी. या माणसाने भावच सांगितला नाही, पाडणार काय?

धंदा वाढला, माजिवड्याला जागा घेतली. सामान बांधायला सगळ्यांना बोलावलं, त्यांना मुद्दाम नाही. तरी ते आले. निघताना मी नुसती मान हलवली.

नव्या घरात स्कॅनर पुन्हा घरघरला. टेम्पोवाल्याला मनसोक्त शिव्या घालून झाल्यावर मी तो उलटा केला. कुलूप लावलेलं होतं. शेजारी चिठ्ठी चिकटवलेली: "प्रवासासाठी लावलं आहे. आधी उघडा, मग जोडा."

पुढे स्कॅनर भंगारात गेला, पुस्तकवालेही गेले. चिठ्ठी मी सोडवून ठेवली आहे. अक्षरसुद्धा माझ्यापेक्षा चांगलं होतं त्या माणसाचं.