मोटारीचं दावं

त्या काळ्या मोटारीचा तपास इतक्या वर्षांनीही माझ्या मनातून जात नाही. निजामाच्या राजवटीची शेवटची वर्षं होती आणि मी हिंगोलीला अमीन, म्हणजे ठाण्याचा प्रमुख होतो. सरहद्दीपलीकडे वाशीमला एका डॉक्टरांच्या ड्रायव्हरला ठार मारून मोटार पळवली होती. तिथल्या पोलिसांनी इंजिनाचा नंबर कळवला. थोड्याच दिवसांत कनेरगावच्या नाक्यावरच्या खबऱ्यानं बातमी आणली, की हट्टा गावच्या एका शेतकऱ्यानं जुनी मोटार घेतली आहे, रंग ताजा आहे आणि नंबराची पाटी नाही.

आम्ही पोचलो तेव्हा मोटारीवरचं हळदकुंकू अजून ओलसर होतं. बॉनेट उघडलं, नंबर जुळला. पंचांसमक्ष शेतकऱ्याला ताब्यात घेतलं.

"कोणाकडून घेतली?" ठाण्यात मी विचारलं.

"बाजारात एक माणूस भेटला, साहेब. रुमालाखाली सौदा झाला. नाव कोण इचारतं?"

गुरांच्या बाजारात रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरतो, हे ठाऊक होतं. पण मोटारीचा? माझं डोकंच फिरलं. मी टेबलावर हात आपटला. "तो माणूस सापडला नाही, तर फासावर तू जाशील!"

तो हात जोडून म्हणाला, "म्या बराबर पारखून घेतली, साहेब. चाकं दाबली, हारन वाजवला, तेल गळतंय का ते खाली निजून पाह्यलं."

"कागद पाहिलेस? पाटी कुठं आहे?"

"कागद न्हाई मागितला. पाटी त्यानं ठेवून घेतली. बैल इकला तरी दावं जुन्या धन्यापाशीच ऱ्हातं ना? दावं दिलं तर घरची बरकत जाती. मोटारीचं बी तसंच हाय म्हनला. मला पटलं."

हवालदाराला हसू फुटलं. मला नाही. आरोपी हाती आहे तर खटला पाठवा, असा वरिष्ठांचा तगादा होता. बाहेर त्याची बायको लेकराला कडेवर घेऊन उभी होती आणि येणाऱ्या-जाणाऱ्या शिपायाला विचारत होती, "सोडतील ना हो?"

दाव्याची ती गोष्ट मला काही सुचू देईना. मोटारी चोरणाऱ्याच्या तोंडी अशी थाप येणार नाही. ती जनावरांच्या दलालालाच सुचेल. चोर लॉरीवाल्यांपैकीच असेल असं धरून त्यांच्या मागावर लावलेले शिपाई मी परत बोलावले आणि साध्या कपड्यांत गुरांच्या बाजारात पेरले. शेतकऱ्याला एका बैलगाडीत पोत्यांआड बसवलं, शेजारी मी. ऊन चढलं तसा माझा धीर सुटत चालला. एवढ्यात त्यानं माझं मनगट घट्ट धरलं.

"त्यो! पिवळ्या पटक्याचा!"

दलालानं कानावर हात ठेवले. मोटार म्हणजे काय हेही आपल्याला माहीत नाही, म्हणाला. मग त्याच्या घराची झडती घेतली. भिंतीवरच्या खुंट्यांना विकलेल्या बैलांची जुनी दावी टांगलेली होती आणि त्यांच्यामागे, तारेत ओवलेली, नंबराची पाटी.

"विहिरीत का नाही टाकलीस?" मी विचारलं.

"घरची बरकत जाती, साहेब," तो खाली बघत म्हणाला. मला थाप वाटलेली ती गोष्ट त्याची स्वतःचीच श्रद्धा होती. त्यानंतर तो चौकशीत फार टिकला नाही. लॉरी चालवणाऱ्या मेव्हण्याचं नाव त्यानं सांगितलं. खून त्या मेव्हण्यानं केला होता.

शेतकरी सुटला. बायकोला भेटून तो पुन्हा माझ्यासमोर येऊन उभा राहिला.

"साहेब, त्या डायव्हरचं घर कुटं हाय? त्याच्या मोटारीत आमी गाणी म्हनत देवाला जाऊन आलो."

मी पत्ता सांगितला.

माणूस ज्या व्यवहारात मुरलेला असतो, त्याच व्यवहाराच्या भाषेत त्याला गंडवता येतं, हे मी त्या तपासात शिकलो. आता कोणी जुनी मोटार घेताना सल्ला विचारला, की मी सांगतो, टायर-इंजिन मिस्त्री पाहील, नंबर आणि कागद तू जुळव, पण त्याआधी ती ज्या घरातून आली तिथं जाऊन ये. तो शेतकरीही वाशीमला गेलाच, पण ड्रायव्हरच्या विधवेपुढं मान खाली घालून उभं राहायला.