खोताच्या खळ्यात गेलेली मधली सुट्टी

आमच्या पहिल्या गुरुजींबद्दल चांगलं बोलावं असं मला फार वाटतं, पण जीभ वळत नाही. त्या माणसाने आमची मधली सुट्टी चोरली. पोलादपूरच्या डोंगरातल्या त्या एकशिक्षकी शाळेत चार इयत्ता एकाच खोलीत कोंबलेल्या. अंगाला अंग घासून आमची कातडी गेंड्यासारखी झाली होती. दुपारी तेवढा अर्धा तास मोकळा. त्यावरच आम्ही जगत होतो.

गुरुजी खोताच्या घरी जेवत. कायद्याने खोती गेली होती, खोत मात्र हलला नव्हता. नाचणी कापून खळ्यात आली, तेव्हा गुरुजींनी जेवणाची भरपाई आमच्या पायांनी करायचं ठरवलं.

"मधल्या सुट्टीत खळ्यात जायचं. कणसांवर नाचायचं. खेळच आहे तो!"

खेळ म्हणे! बैलांना निदान पेंढा मिळत होता. आम्ही कणसं तुडवत होतो आणि गुरुजी खोताच्या ओटीवर परातीएवढ्या बशीतून चहा भुरकत होते. दुपारनंतर पाढे म्हणताना अख्खा वर्ग घोरायचा, कौलं थरथरायची. मग छडी. घरी तक्रार केली तर बाप म्हणाला, "खेलायला शालंत कशाला जातंस रे? घरी काय कमी जागा हाय?"

वरच्या वाडीतली एक दांडगी पोरगी तिसरीत होती. एक दिवस खळ्यात ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"गुरुजी काय म्हनले? ह्यो खेल हाय ना? मग खेला रे!"

कणसं बाजूला सारली. सारवलेल्या जमिनीवर तिने विळ्याने आट्यापाट्यांच्या पाट्या ओढल्या. असा डाव झाला की आंबेनळी घाटातल्या गाड्या धुळीमुळे दिवे लावून चालल्या असतील. शेणाचा पापुद्रा पार उखडला, खालची माती वर आली. मग कणसं नीट पसरून आम्ही इमानदारीत तुडवली. हे चार दिवस चाललं. उडणारी धूळ पाहून गुरुजी ओटीवरून म्हणत, "शाबास! जोरात!"

तांदळातला खडा दिसतो. नाचणीतली माती दिसत नाही, दाताखालीच कळते.

खोत वर्गात आला तो गाल धरूनच. "गुरुजी, भाकरी खातोय का खळं खातोय मी? ही कार्टी पुन्हा माझ्या खळ्यात दिसली तर तुमचं ताट बंद!"

"पण मालक, मुलांना खेळ..."

"खेळू दे की शाळेम्होरं! माझ्या नाचणीत कशाला?"

गुरुजींनी आमच्याकडे असं पाहिलं की भिंतीवरचा नकाशा करपला असता. दुसऱ्या दिवशी मधली सुट्टी झाली आणि आम्ही पटांगणात सुटलो. सूड म्हणून त्यांनी घंटा लवकर बडवली. ती वाजतच राहिली, कडकडून, रडकुंडीला येऊन. वरच्या वाडीतली पोरगी आट्यापाट्यांची पाटी अडवून उभी होती. "कुनी ऐकली काय रे?" तिने विचारलं.

"नाय गो!" आम्ही ओरडलो आणि डाव पुरा केला.