अंगणात अडलेली पालखी

पोलादपूरच्या शाळेत चित्रकला शिक्षक म्हणून रुजू झालो, त्या दिवशी मी फळ्यावर डोंगर काढला. दोन त्रिकोण, मधून उगवणारा सूर्य, खाली नदी. विज्ञान शिकवणाऱ्या सकपाळबाई दारातून ते पाहत होत्या. तास संपल्यावर म्हणाल्या, "मास्तर, चित्र छान आहे. फक्त असा डोंगर आपल्या तालुक्यात कुठे आहे तेवढं सांगा, मी मुलांना दाखवायला नेते." मी महाडच्या बाजारपेठेत वाढलेला, काय सांगणार, कपाळ! पुढच्या शनिवारी बाईंनी नववीच्या वर्गाबरोबर मलाही आपल्या वाडीमागच्या डोंगरावर चढवलं. तिथे माझी जी दमछाक झाली तिचं वर्णन त्या आजही चारचौघांत रंगवून करतात.

त्या शालिनीताई सकपाळ, म्हणजे आम्हां सर्वांच्या बाई, यंदा पंच्याहत्तरीत पदार्पण करीत आहेत. त्यांचा स्वभाव गोड आहे असं मी लिहिणार नाही, कारण खोटं लिहिलेलं त्यांना खपत नाही. त्या फटकळ आहेत. पण माझ्या पत्नीचे गुडघे धरले तेव्हा याच फटकळ बाईंनी सुट्टीच्या दिवशी तिला महाडजवळच्या सव गावी, गरम पाण्याच्या कुंडांवर नेलं. पत्नी पाण्यात पाय सोडून बसायची आणि बाई काठावर उत्तरपत्रिका तपासायच्या. मी आभार मानू लागलो तर म्हणाल्या, "तुमच्यासाठी नाही नेलं. घरी पेपर तपासताना झोप येते मला."

महाड तालुक्यातल्या तळीये गावावर डोंगर कोसळला, त्या पावसाने आमच्या भागातल्या माणसांची झोप उडवली. बाईंची वाडीही तशीच डोंगराच्या पोटाशी. निवृत्त होऊन बरीच वर्षं झालेल्या बाई पुन्हा हातात काठी घेऊन निघाल्या. महाडच्या कॉलेजात शिकणारी वाडीतली सोनाली आणि तिच्या बरोबरीची मुलं त्यांच्यामागे जाऊ लागली. भेगा कुठे पडल्यात, झरे कुठून नव्याने फुटलेत, झाडं कुठे कलली आहेत, हे ती बघत आणि वाडीला सांगत. बाईंच्या हाताखाली नवा वर्ग भरला होता.

अशातच त्याच डोंगरावर खडीची खाण काढायचं ठरलं. पुढाकार विजूशेठचा. हे आमच्या भागातलं वजनदार नाव, पुढारी माणूस, आणि बाईंचाच विद्यार्थी. सोनालीच्या गटाने विरोध करताच त्याने भाषणात सुनावलं, "ही मोबाइलवर बघून शिकलेली पोरं विकासाच्या आड येतायत. पर्यावरण हे भरल्या पोटाचे चोचले हायत." मुलं भडकली. बाई मात्र म्हणाल्या, "रस्त्याला खडी लागते आणि पोरांना काम लागतं, हे त्याचं खरं आहे. पण वाडीच्या उशाशी सुरुंग लावू नकोस, एवढंच आपल्याला त्याला पटवायचं आहे."

मुलांनी तहसीलवर मोर्चा काढला. फलक मी रंगवले. इतक्या वर्षांनी कुणी काम सांगितलं म्हणून खुशीत रंगवले. पण मुहूर्त निवडला तो ऐन लावणीचा! अख्खी वाडी गुडघाभर चिखलात, आणि तहसीलसमोर दहा-बारा मुलं, बाई आणि रंगाने बरबटलेला मी. विजूशेठ गाडीची काच खाली करून हसला, "बाई, गाव कुठं हाय तुमचा?" सोनाली रडकुंडीला आली. परतताना एसटीत बाई तिला म्हणाल्या, "गाव शिमग्याला असतो गो. तेव्हा मुंबईकर येतात, गावकी बसते. काय व्हायचं ते तिथं होतं."

झालंही तसंच. शिमग्यात गावकीची संमती घ्यायची, असं विजूशेठनेही ठरवून टाकलं होतं. वर एक फासही टाकला: ज्यांना गावाचं भलं नको, त्यांच्या दारात यंदा देवाची पालखी थांबणार नाही. आमच्याकडे याहून मोठी शिक्षा नाही. बाई लग्न होऊन आल्यापासून ग्रामदैवत भैरीची पालखी त्यांच्या अंगणात चुकली नव्हती. दरवर्षीप्रमाणे मी आणि पत्नी पालखीच्या सकाळी तिथे गेलो होतो. बाईंनी अंगण सारवलं होतं, रांगोळी काढली होती, ओटीचं ताट तयार होतं. पण त्या पुन्हा पुन्हा रस्त्याकडे पाहून येत होत्या. या बाईंना मी आयुष्यात प्रथमच घाबरलेलं पाहिलं, आणि मला फार वाईट वाटलं.

ढोल जवळ आले. पालखीच्या पुढच्या दांडीला स्वतः विजूशेठ, मागे सोनालीच्या गटातली आणि मुंबईहून आलेली मुलं. पालखी बाईंच्या अंगणाशी आली आणि थांबली.

"चला रे पुढं," विजूशेठ म्हणाला.

"देव हलत नाय, शेठ," मागून आवाज आला.

"जोर लावा की!"

"लावतोय. जड झालाय देव."

देव जड झाला होता की पोरांचे खांदे, हे मला विचारू नका. ठरवून काही केलं नव्हतं, असं पोरं आजही देवाची शपथ घेऊन सांगतात. पण थांबलेली पालखी गाऱ्हाण्याशिवाय, म्हणजे देवापुढे सगळ्यांनी मिळून मागणं मांडल्याशिवाय, उठत नाही, ही रीत. म्हातारे गुरव पुढे झाले आणि त्यांनी विचारलं, "काय मागणं हाय, बाय?" बाईंनी सांगितलं. गुरवांनी हात जोडून आवाज चढवला, "बा भैरी देवा, तू ज्या डोंगरावर बसलायस, त्या डोंगराला कुणाचा हात लागू देऊ नको!"

"होय म्हाराजा!" सारं गाव गरजलं.

"त्याच्या पोटातली वाडी, लेकरंबाळं, गुरंढोरं सुखी ठेव!"

"होय म्हाराजा!"

गाऱ्हाण्यात मधे बोलता येत नाही आणि गप्पही बसता येत नाही. खांद्यावर दांडी, सगळ्यांच्या नजरा तोंडावर. विजूशेठही "होय म्हाराजा" म्हणाला. दुपारी गावकी बसली, पण खाणीचा विषय कुणी काढलाच नाही.

सोनालीने नंतर विचारलं, "बाई, तुम्ही तर देव मानत नाय ना?" बाई म्हणाल्या, "देवाचं मला ठाऊक नाय गो. पण चारचौघांत दिलेला शब्द मोडायला माणूस लाजतं, एवढं ठाऊक हाय." संध्याकाळी पुरणपोळीचा डबा घेऊन त्या स्वतः विजूशेठच्या घरी गेल्या. "तो हरलाय, त्याला आज गोड खायला हवं," एवढंच मला म्हणाल्या.

खाणीचं संकट कायमचं टळलं, असं मी म्हणत नाही. तो विषय दर निवडणुकीला डोकं वर काढतो, आणि काठी घेतलेल्या बाई मुलांबरोबर पुन्हा डोंगर चढतात. म्हणून बाईंच्या पंच्याहत्तरीच्या समारंभात मी शुभेच्छा देणार नाही, गाऱ्हाणं घालणार आहे. सभागृहात पहिल्या रांगेत विजूशेठ असतील. त्यांची खुर्ची मी मुद्दाम राखून ठेवली आहे. त्यांना सराव आहे, त्यांनी आवाज मोठा लावावा.

बा भैरी देवा, आमच्या बाईंचे गुडघे शाबूत ठेव, काठी हातात आणि जीभ अशीच फटकळ ठेव, आणि त्यांचा डोंगर जागच्या जागी असलेला त्यांना शंभराव्या वर्षीही पाहू दे!

म्हणा सगळ्यांनी.