हाफ तिकिटाचा नवरदेव

नोकरीत शेकडो फिर्यादी लिहून घेतल्या, पण लग्नाच्या आदल्या दिवशी नवरदेव चोरीला गेल्याची फिर्याद एकच. ती अजून जशीच्या तशी डोळ्यांसमोर आहे.

नव्वद सालानंतरची गोष्ट. मी कोडोलीकडच्या भागात फौजदार होतो. आमच्या घराण्यात बी.ए. झालेला पहिला माणूस मी, त्यामुळे छातीवरची नावाची पट्टी रोज स्वतःच्या हातानं पुसायचो. जवळच्या एका गावाच्या डोंगरावर विष्णूचं छोटं देऊळ आहे. तिथली वीतभर पितळी मूर्ती कार्तिकातल्या द्वादशीला खाली येते. ज्या घराची पाळी असेल, त्या घरच्या तुळशीशी तिचं लग्न लागतं.

एकादशीला सकाळीच गावचे एक पंच ठाण्यात आले. "साहेब, देव चोरीला गेला! उद्या माझ्या दारात लगीन हाय."

पंचनाम्यासाठी पायऱ्या चढून गेलो. वर वारा असा की टोपी हातानं धरावी लागली. खाली नजर जाईल तिथवर ऊस. तपासाला आलोय, हे क्षणभर विसरलोच. कुलूप शाबूत होतं. किल्ली दाराशेजारच्या दिवळीत असते, हे सगळ्या गावाला ठाऊक. गाभाऱ्यातल्या मुख्य दगडी मूर्तीचा चांदीचा मुकुट जागेवर होता. पितळी मूर्तीच्या रिकाम्या जागी मात्र हळद लावलेली एक सुपारी.

"ही कोणी ठेवली?"

म्हातारे गुरव घुटमळले. "देव बाहेर निघाला की त्येच्या जागी सुपारी ठेवायची रीत हाय, साहेब."

चांदी सोडून पितळ नेणारा आणि वर रीत पाळणारा चोर मी तरी पाहिला नव्हता. ज्यानं देव नेला, तो देव परत आणणार होता.

हवालदारांनी एसटी स्टँडवर चौकशी केली. पहिल्या गाडीचा कंडक्टर हसतच सांगू लागला, "एका आजीनं एक फुल, एक हाफ मागितलं. म्हटलं, पोरगं कुठाय? तर मांडीवरचं गठुळं दावलं. म्हणाली, 'नवरदेव हाय, फुकट न्हेऊ व्हय?' लेकीकडं गडहिंग्लजला चाललो म्हणत होती."

गावात विचारलं, तर ही आजी म्हणजे फिर्यादीची सख्खी भावजय निघाली. बाईमाणसाचा जबाब ती राहत असेल तिथं जाऊन घ्यायचा, हा नियम. महिला शिपाई सोबत घेऊन जीपनं गडहिंग्लज गाठलं. आजी दारातच बसल्या होत्या.

"आलासा? पावणं, आदी पाणी घ्या, मग बेड्या घाला."

आत देव पाटावर, गळ्यात तुळशीची माळ.

"आजी, चोरीचा गुन्हा दाखल झालाय."

"कसली चोरी? औंदा पाळी माझी हाय. मालक गेलं, तसा दीर म्हणतोय, कुंकू नसलेल्या बाईच्या दारात देवाचं लगीन लागत न्हाय. पाळी त्येनं घेतली, म्हणून मी नवरदेव उचलला. लाव म्हणावं आता बिननवऱ्याचं!"

महिला शिपाई तोंडावर रुमाल धरून हसू दाबत होती.

"पण तुमच्या म्हणण्याला आधार काय?"

"माझी सासू. तिलाबी कुंकू नव्हतं. तिनं लावलं की लगीन! गुरवाला इचारा."

आजी आणि देव, दोघांना घेऊन परतलो. द्वादशीला सकाळी पंचांसमोर गुरवांना विचारलं. ते दिरांकडे बघू लागले. मी आवाज चढवला नाही. जबाबाचा कागद पुढे ठेवला आणि पेनाचं टोपण काढलं. सही करायची वेळ आली की माणूस खरं बोलतो, हा माझा अनुभव.

"लावलंय," गुरव म्हणाले. "मंगलाष्टका मीच म्हटल्या. अंतरपाट ह्यांनीच धरला हुता."

'ह्यांनीच' म्हणजे आमच्या फिर्यादींनी! सगळा गाव खो खो हसला. फिर्यादींनाही शेवटी हसू आवरेना.

मूर्ती सुपूर्तनाम्यावर गुरवांच्या ताब्यात दिली. गैरसमजातून दिलेली फिर्याद, म्हणून तपास बंद करायचा अहवाल, म्हणजे 'क' समरी, पुढे कोर्टात पाठवली. संध्याकाळी आजींच्या दारात ऊस बांधून लग्न लागलं. अंतरपाटाचं एक टोक दिरांनी धरलं, दुसरं मी, वर्दीतच.

चोरीच्या व्याख्येतला 'इरादा' हा शब्द मी परीक्षेसाठी पाठ केला होता. तो कळला गडहिंग्लजच्या त्या दारात. वस्तू कुणी उचलली, एवढं शोधून तपास संपत नाही. का उचलली, हे विचारल्याशिवाय मी पुढे कधी कुणाला चोर म्हटलं नाही.

दुसऱ्या दिवशी देव डोंगरावर निघाला. बंदोबस्ताची गरज नव्हती, तरी मी गेलो. आजी मूर्ती छातीशी धरून सगळ्यांच्या पुढे. निम्म्या पायऱ्या झाल्यावर दीर धापा टाकत म्हणाले, "वैनी, दमला असशीला. द्या इकडं, मी घेतो."

"तुमच्या पाळीला घ्या की, भावजी," आजी म्हणाल्या, आणि न थांबता वर निघाल्या.