लँडस्केपवाले आले, खुंट्या उपटा!

आमच्या बॅचचे कुणीही दोघं भेटले, की तिसऱ्या मिनिटाला ‘अगं, तो वनरक्षक आठवतो का?’ सुरू होतं. इतकी वर्षं झाली, नवरे कंटाळले, बायका कंटाळल्या, मुलं तर उठूनच जातात. किस्से मात्र संपत नाहीत. उलट दर भेटीत एखादा नवा निघतो, जो इतके दिवस कुणीतरी लाजेपोटी दाबून ठेवलेला असतो!

आम्ही लँडस्केप डिझाइनचा डिप्लोमा करत होतो. नव्वदचं दशक संपत आलेलं. कोर्स दोन वर्षांचा, आणि त्यात प्लेसमेंट, म्हणजे नर्सरीत नाहीतर साइटवर जाऊन प्रत्यक्ष काम. मुंबईची पोरं मुंबईतल्या एसी ऑफिसांत गेली. मी खर्डीची आणि प्रफुल्ल भोईर भिवंडीकडचा, म्हणून सरांनी आम्हा दोघांना शहापूर-मुरबाडला टाकलं.

“तुम्ही इथलेच आहात. लोक तुमच्यावर पटकन विश्वास ठेवतील,” सर म्हणाले.

सरांचं एवढं एकच वाक्य आम्ही दोन वर्षांत पुरतं खोटं ठरवलं!

*

संशयाची सुरुवात आमच्या घरातूनच झाली.

माझे वडील, आप्पा, भातशेती करणारे. त्यांना हा कोर्स पहिल्या दिवसापासून पटला नव्हता. “झाडं लावायला कॉलेज कशाला लागतं गो? तुझी आय कुठल्या कॉलेजात गेलेली?”

एक दिवस आप्पा न सांगता कॉलेजात आले, खातरजमा करायला. नेमका त्या दिवशी आमचा मॉडेल मेकिंगचा तास होता. आम्ही सगळे जमिनीवर बसून थर्माकोल कापत होतो. स्पंजचे तुकडे हिरव्या रंगात बुडवून काड्यांवर खोचायचे, की झालं झाड. निळा जिलेटिन पेपर चिकटवला, की झालं तळं. मी मान वर केली तर खिडकीत आप्पा! मी हात धुऊन बाहेर येईपर्यंत निघूनही गेले होते.

संध्याकाळी आप्पा जेवायला बसले. आईनंच विचारलं, “मग, काय शिकवतात?”

आप्पांनी भात कालवला. म्हणाले, “अंगणवाडीत शिकवतात तेच. पण तिथं वर सुकडी तरी देतात.”

*

मुरबाडकडच्या एका गावाबाहेर कुणा मुंबईकराचा प्लॉट होता. त्याची मोजणी हे आमचं पहिलं काम. टेप, चुन्याची पिशवी, लाल रिबिनी बांधलेल्या चाळीस लाकडी खुंट्या. सकाळभर उन्हात राबून आम्ही खुंट्या ठोकल्या, झाडाखाली डबा खाल्ला, हात धुऊन परत आलो. बघतो तर एकही खुंटी नाही!

भोईर म्हणाला, “आपण चुकीच्या प्लॉटवर आलोय.”

चुन्याच्या रेघा तशाच होत्या. प्लॉट बरोबर होता. शेजारच्या घरातून धूर येत होता. गेलो, तर अंगणात एक आजी तीन दगडांच्या चुलीवर पाणी तापवत बसलेल्या. चुलीत आमच्या खुंट्या! लाल रिबिनी मात्र नीट सोडवून नातीच्या वेण्यांना बांधलेल्या.

“आजी, अहो, ह्या आमच्या...”

“ठाऊक हाय मला,” आजी म्हणाल्या. “माझ्या म्हायेरला पण अशीच पोरं आलेली. अशाच खुंट्या. माझा बा विचारायला गेला तर म्हणाली, काय नाय बाबा, नुसतं मोजतो. मोजून गेली, मागनं धरण आलं. माझ्या आयबापाचं घर पाण्याखाली हाय. देवळाचा कळससुदा दिसत नाय.”

भोईरनं चप्पल काढली आणि खालीच बसला. म्हणाला, “आजी, देवाशप्पथ धरण नाय. शेजारच्या प्लॉटवर बाग करायची हाय.”

आजींनी आमच्याकडं बघितलं. मग प्लॉटच्या पलीकडं बघितलं. डोंगरापर्यंत नुसतं रान.

“बाग?” त्या म्हणाल्या. “इथं?”

दुसऱ्या दिवशी आम्ही नव्या चाळीस खुंट्या नेल्या. त्यांतल्या दहा आधीच आजींच्या अंगणात ठेवल्या. चुलीसाठी.

*

आता वनरक्षकाचा.

सरांनी पन्नास झाडांची पानं गोळा करून शास्त्रीय नावांसकट आणायला सांगितली होती. आम्ही उंबरमाळीच्या बाजूला रानात हिंडलो आणि अख्खं पोतं भरलं. परत येताना वाटेत वनरक्षक उभा. खाकी शर्ट, हातात काठी, बोलणं कमी.

“पोत्यात काय?”

“पानं.”

“पानांखाली काय?”

“पानंच.”

त्यानं पोतं वाटेत पालथं केलं. खरंच पानांखाली पानं निघाली, आणि त्याचा संशय आणखी वाढला! नुसती पानं कोण चोरतं? काहीतरी औषधी असणार. मी घाबरून एकेक पान उचलून सांगायला लागले, “साहेब, हे टर्मिनेलिया टोमेंटोसा, हे ब्युटिया मोनोस्पर्मा...”

तो भोईरकडं वळला. “ही कुठल्या भाषेत बोलते? माल कुठं पोचवायचा ते सांगते काय तुला?”

“नाय ओ साहेब, आमी कॉलेजची पोरं. झाडांचा अभ्यास करतो.”

“असं?” त्यानं काठीनं समोरचं झाड दाखवलं. “हा कोण?”

आम्ही एकमेकांकडं बघितलं. “कदंब?”

“हा हेद. आणि तो?”

“तो... तो पण कदंब?”

“तो कळंब. आणि ह्यो?”

आता आमच्याकडं कदंबसुद्धा शिल्लक नव्हता. भोईर म्हणाला, “साहेब, एक चान्स द्या.”

वनरक्षकानं काठी काखेत मारली आणि पानं परत पोत्यात भरायला स्वतः खाली बसला. म्हणाला, “जा. सोडलं तुमाला.”

“पटलं ना साहेब, आम्ही विद्यार्थी आहोत ते?”

“पटणार नाय तर काय! चोराला झाडं बरोबर वळखता येतात.”

*

हा छोटासाच आहे, पण राहायला नको.

कसाऱ्याला हायवेवरच्या एका हॉटेलपुढं बाग करायची होती. जागा बघायला मी आणि भोईर गेलो. त्याच्या पाठीला ड्रॉइंगची लांब काळी नळी, माझ्या खांद्याला मोठी बॅग. चहाला एका टपरीवर बसलो. टपरीवाल्याची बायको बराच वेळ आमच्याकडं बघत होती. शेवटी तिनं मला खुणेनं मागं चुलीपाशी बोलावलं.

“खरं सांग गो. स्वतःच्या मर्जीनं आलीस ना?”

मला आधी कळेचना. कळलं तेव्हा कान तापले! “अहो काकू, तसं काही नाही. आम्ही बाग करायला आलोय.”

“बाग?”

“हो. झाडं, लॉन, वगैरे.”

तिनं उसासा सोडला आणि माझ्या हातावर दोन भजी ठेवली. “खा. पोरगा दिसायला बरा हाय. पण परत जा घरी. बाग करतो म्हणून सांगतो, म्हणजे नोकरी नाय त्याला!”

भोईर आजही हे ऐकून चिडतो. कारण पुढं लग्नासाठी मुली बघायला गेला, तिथंही त्याला दोनदा हेच ऐकावं लागलं.

*

शहापूरजवळ ज्या नर्सरीत आमची प्लेसमेंट होती, तिथल्या मालकांना सगळे दामूकाका म्हणायचे. दामूकाकांचा जगावर संशय. आम्ही कलमं चोरतो असं त्यांना ठाम वाटायचं, म्हणून रोज घरी जाताना ते आमचे रिकामे डबे उघडून बघायचे. भोईरच्या डब्यात एकदा कढीपत्त्याची काडी सापडली, तर पंधरा मिनिटं चौकशी चालली. शेवटी भोईरनं त्याच्या आईनं केलेली आमटी शपथेवर सांगितली, तेव्हा सुटका झाली.

एका पावसाळ्यात काकांनी नवीन माल मांडला. लाल-पिवळ्या ज्वाळेसारख्या फुलांचा वेल, छान कुंड्या आणि वर पाटी: ‘इम्पोर्टेड, बेंगलोरहून’. फार्महाऊसवाले गाड्या थांबवून नेत होते. मी बघितलं आणि मला चैन पडेना. ही तर कळलावी! आमच्या बांधावर दर पावसाळ्यात उगवते. आणि त्या वर्षी आप्पा घरी तक्रार करत होते, की बांधावरची कळलावी कुणीतरी मुळासकट खणून नेली.

आता माझा संशय सुरू झाला. पण बोलायचं कसं? शेवटचे मार्क काकांच्याच हातात!

मी आप्पांना नर्सरी दाखवायच्या निमित्तानं घेऊन आले. आप्पा कुंड्यांपाशी उकिडवे बसले.

“कुठनं आणलीत?”

“बेंगलोर,” काका म्हणाले. “मातीसकट तिकडनंच येते. पॅक.”

आप्पा कुंडी फिरवून बघत होते. वेलाच्या बुडाशी वीतभर उंचीची हिरवी पाती उगवली होती. आप्पांनी ती हळूच उपटली, मुळं झटकली, दाणा बोटात धरून बघितला आणि उभे राहिले. आवाज अजिबात चढवला नाही.

“बेंगलोरला आमच्या खाचरातला झिनी भात कदीपासून पिकायला लागला, दामूशेठ?”

त्या दिवसापासून आमचे डबे तपासणं बंद झालं. मार्क मात्र मला पूर्ण पडले!

*

फार्महाऊसवाल्या शेठचं लॉन.

मुरबाडला त्यांच्या बंगल्यापुढं एप्रिलमध्ये आम्ही महागातलं लॉन अंथरलं. मे महिन्यात पंप जळाला आणि लॉन पिवळं पडून मेलं. जूनच्या मध्याला शेठ येणार होते. सरांना कळवायची हिंमत नव्हती. तिथं देखरेखीला पार्वतीबाई होत्या. शेठ त्यांच्यावर सतत संशय घ्यायचे. पार्वतीबाई आंबे नेतात, पार्वतीबाई नळी नेतात, पार्वतीबाई पाहुणे बसवतात!

आमची तोंडं बघून पार्वतीबाई म्हणाल्या, “पंप झाला ना दुरुस्त? मग हिरवं पायजे ना नुसतं? मी बघते. तुमी रडू नका.”

पंधरा दिवसांनी गेलो तर डोळ्यांवर विश्वास बसेना. हिरवंगार, दाट, मऊ. भोईर वाकून बघायला लागला, तर मी त्याला मागं ओढलं. काही गोष्टी वाकून बघू नयेत.

शेठ आले. बूट काढून अनवाणी चालले, फोटो काढले. एकदाच म्हणाले, “जरा उंच वाटतंय नाही?”

“नवीन व्हरायटी आहे, सर,” भोईर म्हणाला. खोटं नव्हतं.

जुलैत शेठ अचानक आले, बरोबर मित्रांना घेऊन. लॉन दाखवायला. समोर नुसता चिखल! गवताची एक काडी नाही. शेठ ओरडले, “पार्वती! माझं लॉन कुठं गेलं?”

पार्वतीबाई पदर खोचून, गुडघाभर चिखलात माखलेल्या, शेजारच्या आपल्या भाताच्या खाचरातून वर आल्या.

“लावणीला गेलं, शेठ,” त्या म्हणाल्या.

*

आणि हा शेवटचा. हा आम्ही सगळ्यांत शेवटीच सांगतो.

शहापूर तालुक्यातल्या एका छोट्या गावाला स्मशानभूमीच्या सुशोभीकरणाचा निधी आला होता. सरपंचांनी कॉलेजला विचारलं, सरांनी आम्हाला पाठवलं. देवळात मीटिंग झाली. आम्ही नकाशा दाखवला. बाकडी, फरसबंदी, पारिजात, बकुळ, बाजूला बांबू. मग मागून एक म्हातारा म्हणाला, “मला हे बरोबर वाटत नाय. जागा चांगली केली की गिऱ्हाईक येतं!”

अर्धं गाव त्याच्या बाजूला गेलं.

संशय न घेणारा एकच माणूस होता. खंडूबाबा. नव्वदीच्या पुढचे. त्यांची बायको आणि थोरला मुलगा दोघांनाही तिथंच पोचवलेलं. आम्ही काम करायचो तेव्हा रोज काठी टेकत यायचे आणि दगडावर बसून सूचना करायचे. “बाकडं इथं नको, तिथं ठेवा. दुपारची सावली तिथं पडंल. बसणाऱ्यांना ऊन लागू नये. मला काय, मी आडवाच असणार!” आणि स्वतःच खळखळून हसायचे. बकुळ त्यांनीच स्वतःच्या हातानं लावली.

बाग झाली. आणि त्यानंतर गावात कुणी मेलंच नाही.

योगायोगच. गाव ते केवढं! पण सहा महिने गेले, वर्ष गेलं, कुणी नाही. दोघं दवाखान्यातून आशा सोडून घरी आणलेले, तेही उठून बसले. मग कुजबुज सुरू झाली. मीटिंगमध्ये विरोध करणारा म्हाताराच आता सांगत फिरायला लागला, की ही बागच राखते गावाला. शेजारच्या गावचा सरपंच कॉलेजात येऊन सरांना म्हणाला, “आमाला पण सेम डिझाइन पायजे. एक झाड इकडचं तिकडं नको!”

दीड वर्षानं झाडं बघायला मी आणि भोईर परत गेलो. बागेच्या फाटकाला हळदकुंकू लागलेलं. उंबऱ्यावर नारळ फोडलेले. बाकड्यांवर गावातले सगळे आजारी, म्हातारे रांगेत बसलेले, कोवळं ऊन खात. सरपंचांनी आम्हाला हार घातले. बायका पाया पडायला लागल्या, आम्ही मागं सरलो.

कडेच्या बाकड्यावर खंडूबाबा होते. नातवानं उचलून आणून ठेवलं होतं. अंगावर नुसती कातडी, आणि दर श्वासाला छातीत शिट्टी. काठी धरायचीही ताकद उरली नव्हती. ओळखलं मात्र त्यांनी लगेच. बोटानं जवळ बोलावलं. मी वाकले. त्यांनी आधी आजूबाजूला बघून घेतलं, कुणी ऐकत नाही ना म्हणून.

“पोरी,” ते म्हणाले, “ही बाग मोडता येईल काय गो?”